ज्योत्स्नाच्या बाटल्या

हे मी घरात कुणाजवळ बोललेले नाही — नवऱ्याजवळ नाही, आईजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही तिला ओळखत नव्हता. ओळखत असता, तर माझी जीभ रेटली असती का?

लोणखेड्याजवळ केळीची रोपं तयार करणाऱ्या एका टिश्यू कल्चर लॅबमध्ये आम्ही दोघी कामाला होतो. मी आणि ज्योत्स्ना. बाटल्यांतल्या हजारो रोपांत एखादं वेगळं निघतं — पान अरुंद, खोड उंच. असं रोप फेकून द्यायचं, हा नियम. ज्योत्स्नाला ते फेकवत नसे. असली काही रोपं तिनं प्रकाशा गावी, तिच्या वडिलांच्या, आप्पांच्या शेतात लावली. त्या वर्षी मर रोगानं आप्पांची सगळी बाग पिवळी पडली, आणि मध्ये तिचं एक झाड हिरवंगार उभं. घड उशिरा निसवला, पण असा, की दोन बांबूंचा टेकू द्यावा लागला.

त्याच्या बुडाशी फुटलेले कोंब, मुनवे, तिनं लॅबमध्ये आणून बाटल्यांत वाढवायला घेतले. आप्पांनी बाग मोडून ऊस लावला. म्हणजे आता ते झाड फक्त आमच्या कपाटात होतं.

मग तिला कॅन्सर निघाला. सुरतला उपचारांना जाताना बाटल्या तिनं माझ्या हवाली केल्या. वेळच्या वेळी कापून नव्या बाटलीत लावायचं, एवढंच काम. मी — काय केलं मी? टाळलं. आज नको, उद्या. खरं सांगू? हेवा वाटायचा मला. लॅबचे साहेब येता-जाता तिच्याच झाडाची चौकशी करायचे. दिवाळीच्या सुट्टीनंतर कपाट उघडलं, तर सगळ्या बाटल्यांत बुरशी.

बुरशी कुणाच्याही बाटलीत लागते. तेव्हाच सांगितलं असतं, तर ती रडली असती, रागावली असती — बस. पण त्याआधी तिचाच फोन आला. आवाज अगदी बारीक झालेला.

"मन्हं कसं शे?" त्या झाडाला ती 'मन्हं', म्हणजे 'माझं', म्हणायची.

"मस्त शे," मी म्हणाले.

आणि ते खोटं निभावायला बसले. नेहमीच्या जातीच्या बाटल्या घेतल्या, तिच्या नावाच्या चिठ्ठ्या त्यांवर चिकटवल्या.

ती परत आली ती डोक्याला रुमाल बांधून. आप्पांशी भांडून उसाच्या शेताचा एक तुकडा मोकळा करून घेतला आणि त्याच रोगट जमिनीत ती रोपं लावली. बसवेना, तरी रोज शेतात. एकदा मला म्हणाली, ही उंच का होत नाहीत गं? मी म्हणाले, थंडी आहे ना.

पुढे खालची पानं पिवळी पडून खोडाभोवती लोंबायला लागली. तिनं कोयत्यानं एक खोड कापलं. आत लालसर-तपकिरी — मर रोगच. कोयता टाकून ती बांधावर बसली.

"मन्हीच नजर चुकनी," ती म्हणाली.

तेव्हा सांगायचं होतं. तेव्हाही वेळ गेली नव्हती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "व्हस असं." होतं असं.

त्यानंतर लॅबमध्ये वेगळं निघालेलं प्रत्येक रोप ती स्वतःच उपटून टाकायची. बघायचीसुद्धा नाही. दुखणं उलटलं आणि पुन्हा ती उठली नाही. शेवटी भेटले तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "तूच एकली मन्हा बाजूनं व्हती."

तिचं झाड खरंच रोगाला पुरून उरलं असतं का? माहीत नाही. आता ते कुणालाच कळणार नाही — ती सोयच मी ठेवली नाही. ती मात्र स्वतःला चुकीची समजून गेली.

दहाव्याला आप्पा पाहुण्यांना सांगत होते — पोर हुशार होती, पण त्या केळीच्या बाबतीत फसली. मी तिथेच बायकांत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावली.