वर केलेला हात

प्रार्थनेत मला डुलकी लागली आणि त्या डुलकीतच मी हात वर केला.

खामगावातल्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब सगळ्यांना डोळे मिटायला लावतात आणि मग विचारतात, अमुक करायला कोण तयार आहे, त्यानं हात वर करावा. बहुतेक वेळा प्रश्न सोपा असतो. प्रभूवर प्रेम कोणाचं? त्याला काय, सगळेच हात वर जातात. त्या रविवारी संदेश होता की नुसतं वचन ऐकू नका, तसं वागा. हा मी पुष्कळदा ऐकलेला, म्हणून झोपलो. जाग आली ती 'हात वर करा' या शब्दांनी. केला. चांगला उंच केला.

डोळे उघडले तर पाळकसाहेब रडायच्या बेतात.

"एकच हात आला," ते म्हणाले, "पण आला!"

काय विचारलं होतं ते बायकोनं बाहेर चपला घालताना सांगितलं. आमच्या गल्लीतल्या गुरुजींना लकवा झाला होता. घर बौद्ध, आमच्या मंडळीतलं नव्हे, पण भिंतीला भिंत लागून. मुलगा सुट्टी संपवून पुण्याला परतलेला. गुरुजींची बायको, आम्ही त्यांना बाई म्हणतो, एकटीनं उचलायला गेल्या आणि पडल्या, मनगट प्लास्टरमध्ये. पडून पडून गुरुजींच्या पाठीवर लाल चट्टा उठला होता. रोज उठवून बसवा, पाठ धुवा, असं डॉक्टरनं बजावलं होतं. चट्टा फुटला तर या वयात ती जखम माणसाला घेऊनच जाते. बाईंचा हात बरा होईपर्यंत हे कोण करील, असा प्रश्न होता.

आणि त्यावर माझा हात वर गेला होता. एक तर मी तेलाच्या मिलमध्ये पोती मोजतो, उचलत नाही. दुसरं म्हणजे हे तेच गुरुजी, ज्यांनी चौथीत माझा डावा कान असा पिळला होता की अजून थंडीत तो आधी गार पडतो.

"पाळकसाहेबांशी बोलतो मी. गैरसमज झाला त्यायचा."

"कायचा गैरसमज? पंख्याले लागला असता तुमचा हात!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं मला दाराबाहेर काढलं. शेजारच्या घरापर्यंत जाताना एकच विचार: गुरुजी माझ्या हातात गेले तर? पंचनाम्यात काय लिहितील, झोपेत हात वर केला होता?

बाई दारातच होत्या. "ये बाबू. पाळकसाहेब सांगून गेले, तू आपणहून हात वर केला म्हणून. यायलेबी सांगतलं मी."

'यायले' म्हणजे गुरुजींना. ते खाटेवर होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, पण डोळे तेच, गृहपाठ कुठाय म्हणून विचारणारे. मी उंबऱ्यातच डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. गुरुजींसाठी केली, बाईंसाठी केली, मग जिल्ह्यासाठी, मग देशासाठी. राज्यकर्त्यांपर्यंत पोचलो तेव्हा बाईंचा आवाज आला, "बाबू, पाणी थंडं होऊन राह्यलं."

आमेन म्हणावंच लागलं.

म्हातारं माणूस हलकं असतं असा माझा समज होता. बगलेत हात घालून उचललं, तर अर्धं अंग भिजलेल्या पोत्यासारखं माझ्यावर आलं. त्यांना जवळजवळ ओढतच न्हाणीपर्यंत नेलं. आंघोळीसाठी ठेवलेली खुर्ची समोर दिसत होती, तेवढ्यात ओल्या फरशीवर माझा पाय सटकला.

त्या क्षणी मला देव आठवला नाही. दिसलं फक्त गुरुजींचं डोकं आणि कपडे धुवायचा दगड. बाई किंचाळल्या. मी गुरुजींना घट्ट आवळलं आणि तसाच खाली बसलो. ते माझ्या मांडीवर. त्यांचा चांगला हात आधार शोधत आला आणि त्याला सापडला माझा डावा कान. काय पकड होती! डोळ्यांत पाणी आलं, पण मी मिठी सोडली नाही. कान दुखतोय म्हणजे मी जिवंत, पिळतायत म्हणजे तेही जिवंत.

कसंबसं खुर्चीवर बसवलं. मग्ग्यानं पाठीवर पाणी घातलं. चट्टा लालच होता, फुटला नव्हता. तो धुताना मी श्वास रोखून धरला. मग पुसलं, पावडर लावली, खिडकीजवळ टेकवून बसवलं.

"उद्या येशीन ना?" बाईंनी विचारलं.

"येतो," मी म्हणालो आणि नव्यानं घाबरलो, कारण या वेळी मी जागा होतो.

गुरुजी काहीतरी पुटपुटले. मला एक अक्षर कळलं नाही. बाईंनी तोंडाला पदर लावला.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, वर्गातबी असाच हात वर करे. येत तं काहीच नव्हतं."