डाव्या फाट्यावरचं घर

पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी सात जणांचा पॅक लंच बांधला. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, गुळाचा खडा. पाकिटांवर नावं लिहायचं काम माझंच. सातवं पाकीट लान्स नायक सलीम शेखचं. त्यात मी एक भाकरी जास्तीची घातली. ज्वारीचं पीठ त्यानंच सुट्टीवरून येताना कळंबहून आणलं होतं, दोन किलो, बेडिंगमध्ये गुंडाळून.

मी युनिटचा मेस कीपर होतो. आठवीनंतर शाळा सुटली. मग जळकोटला हायवेवरच्या ढाब्यावर ताटं धुतली. फौजेत ट्रेड्समनची, म्हणजे स्वयंपाक-धुलाईसारख्या कामांची, भरती निघाली, तिला आठवी पास चालत होतं. रांगेत उभा राहिलो आणि लागलो. फौजेनं मला दोन जोड बूट दिले, नावाची पाटी लावलेला पलंग दिला, तीन वेळचं जेवण दिलं. ते उपकार मी आजही विसरलो नाही. पण त्याच्याबरोबर एक भीतीही आली. कधीतरी कुणाच्या तरी लक्षात येईल की आपण चुकीचा माणूस घेतला, आणि मला परत पाठवतील. ही भीती पुढच्या हकिगतीत आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पोस्ट उत्तरेच्या पहाडात होती, एका नदीच्या घळईवर. खाली पाणी दिसायचं नाही, नुसता आवाज यायचा. दोन्ही बाजूंना बांजाचं रान. बांज म्हणजे ओक. आपल्याकडं हे झाड नाही. पानं जाड, कडेनं काटेरी. एप्रिलमध्ये जुनी पानं गळतात आणि वाटेवर घोट्याएवढा थर साचतो. वाट कुठं आणि उतार कुठं, कळत नाही. पाय ठेवला की सरकतो. म्हणून आमची पेट्रोल पार्टी वाटेवर दगडांच्या खुणा ठेवायची. खाली चपटा दगड, त्यावर टोकदार दगड. टोक जिकडं, तिकडं जायचं.

पोस्टपासून दीड तासावर फाटा होता. उजवी वाट खडकावरून वर चढून पुलाकडं जायची; खडकावर पानं साचत नाहीत, म्हणून तिथं खूण ठेवलेली नव्हती. डावी वाट जुनी, घळईच्या कडेकडेनं. गेल्या पावसाळ्यात ती पुढं ढासळली होती. ती बंद आहे हे कळावं म्हणून आडवी फांदी टाकलेली होती. हिवाळ्याच्या बर्फात ती फांदी वाहून गेली. हे नंतर कळलं.

सलीमभाई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. अख्ख्या पोस्टवर आपल्या जिल्ह्याचे आम्ही दोघंच. तो मला नावानं हाक मारायचा नाही, जळकोट म्हणायचा. माझ्या पहिल्या भाकरीकडं बघून त्यानं सगळ्यांसमोर विचारलं होतं, ही भाकर हाय का तालुक्याचा नकाशा, आन् यात कळंब कुठं हाय ते दाखीव. सगळे हसले. मग त्यानंच हाताला पाणी लावून भाकरी कशी फिरवायची ते दाखवलं. वडील कळंबच्या मोंढ्यात धान्याचे मापाडी आहेत, आई लवकर गेली, त्यामुळं भाकरी घरात त्यालाच थापाव्या लागल्या, असं त्यानं सांगितलं होतं.

पेट्रोलच्या दोन दिवस आधी रेशन पार्टीबरोबर मी त्या फाट्यापर्यंत गेलो होतो. दहा मिनिटं विसावा होता. बाकीचे उजव्या वाटेवर बसले. मी डाव्या तोंडाशी एका बांजाखाली बसलो. समोर चांगले चपटे दगड पडले होते. आपल्याकडं देवीच्या डोंगरावर लोक काय करतात, तुम्हाला ठाऊक आहे. दगडावर दगड रचून छोटं घर लावायचं आणि मागणं मागायचं, आई, आमचं असं घर होऊ दे. जळकोटला आमची पत्र्याची खोली होती, आई तिथं एकटी राहायची. मी दोन दगड उभे केले, वर एक चपटा ठेवला, त्याच्या डोक्यावर एक टोकदार, शिखरासारखा. हात जोडले. शिट्टी झाली, उठलो. खुणेची गोष्ट माझ्या डोक्यातसुद्धा आली नाही. आपल्या माणसाला त्यात खूण दिसणार नाही, घरच दिसेल.

पेट्रोल सकाळी पावणेआठला निघालं. रात्री पाऊस झाला होता, रानात धुकं होतं. सात जण. त्यांचा कमांडर एक नायक, आठ दिवसांपूर्वीच आमच्याकडं अटॅच झालेला. हा रस्ता त्याला नवा होता. रस्ता माहीत असलेला माणूस म्हणजे सलीमभाई, तो सगळ्यात पुढं असायचा. पण अर्ध्या वाटेवर सिपाही लाक्राचा पाय मुरगळला. तेव्हा सलीमभाई त्याला घेऊन मागं राहिला, पुढं पाच जण गेले. एक रेडिओ सेट पुढं नायकाकडं, दुसरा मागं सलीमभाईकडं. वाटेवर खुणा आहेत, पुढं चला, असं त्यानंच नायकाला सांगितलं.

नऊ वाजून बावीस मिनिटांनी मी रेडिओ रूममध्ये चहा घेऊन गेलो. ऑपरेटर सेटवर होता. नायकाचा आवाज आला. फाट्यावर पोचलो, डाव्या हाताला खूण आहे, डावी वाट घेतोय, ओव्हर. ऑपरेटर स्वतः त्या वाटेनं कधी गेला नव्हता. त्यानं रॉजर म्हटलं आणि वहीत वेळ लिहिली.

मी ते ऐकलं. मला त्याच क्षणी कळलं.

मी चहाचा मग ठेवला आणि बाहेर आलो. किचनमध्ये गेलो. कुकर चढवला. घड्याळ समोरच होतं, भाताची वेळ मी त्यावरच लावायचो. मनात काय काय आलं ते खरं सांगतो. कदाचित तिथं दुसरी खूणही असेल. कदाचित नायक स्वतःच परत फिरेल. आणि सगळ्यात मोठ्यानं आलं ते हे, की मी सांगितलं तर नोकरी जाणार. आठवी पास माणसाला दुसरी नोकरी कोण देणार. मी निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला लागलो होतो, इतकं आठवतं.

नऊ तीसला मी रेडिओ रूममध्ये परत गेलो आणि म्हणालो, ती खूण नाही, ते दगड मी ठेवलेत.

आठ मिनिटं. ऑपरेटरनं नायकाला हाक मारली. नायक, नायक, पोस्ट, ओव्हर. उत्तर नाही. पुन्हा, उत्तर नाही. घळईत उतरल्यावर सेट लागत नाही. त्याचा शेवटचा आवाज नऊ सव्वीसला आला होता. मी वेळेवर बोललो असतो तर तो सेटवर होता.

मागचा सेट लागला. सलीमभाई लाक्राला घेऊन फाट्याजवळ पोचतच होता. सुभेदार साहेब तोवर आत आले होते. त्यांनी हँडसेट माझ्या हातात दिला.

"सलीमभाई, डाव्या तोंडाला दगड हायेत. ती खूण न्हाय."

"मग काय हाय?"

"घर हाय. देवीच्या डोंगरावर लावत्यात तसलं. म्या लावलं."

मग म्हणाला, "कळलं."

दुसऱ्या कुणाला हे समजवायला मला पाच मिनिटं लागली असती. त्याला एक शब्द पुरला. पुढं तो सुभेदार साहेबांशी बोलला. लाक्रा फाट्यावर थांबतोय, मी खाली जातोय, ओव्हर. साहेब म्हणाले, सांभाळून जा. तो रॉजर म्हणाला. सेटवर त्याचा आवाज तेवढाच.

पुढचं मी पाहिलेलं नाही. नायकानं आणि लाक्रानं कोर्ट ऑफ इन्क्वायरीत जे सांगितलं ते सांगतो. सलीमभाईनं पाठीवरचा पिठ्ठू आणि सेट लाक्राजवळ ठेवला आणि पानांवरून घसरत, पळत, हाका मारत गेला. पाचही जण ढासळलेल्या जागेच्या अलीकडं पोचले होते. पुढचा माणूस मातीत पाय रोवून पलीकडं जायच्या बेतात होता. नायक म्हणाला की धुक्यात समोर सपाट वाट असल्यासारखंच दिसत होतं. सलीमभाईनं एकेकाला मागं घेतलं. चार जण घट्ट जमिनीवर आले. पाचव्याला त्यानं हात दिला, ओढलं, आणि जागा बदलताना तो स्वतः बाहेरच्या बाजूला राहिला. वरून दगड सुटले. वेळ नऊ अठ्ठावन्न.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तो नदीकाठी सापडला.

इन्क्वायरीत मी सगळं सांगितलं. आठ मिनिटंही सांगितली. ती कुणी विचारली नव्हती. मेजर साहेबांनी लिहिता लिहिता मान वर केली आणि परत खाली घातली. मला सिव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे कडक लेखी ताकीद, मिळाली. नोकरी गेली नाही. सुभेदार साहेबांनी माझ्या बाजूनं जबाब दिला, हा बोलला म्हणून पाच जण जिवंत आहेत. त्या वाक्यावर मी पुढची सगळी सर्व्हिस केली. त्या वाक्याचा मी ऋणी आहे. झोप मात्र त्यानं लागत नाही.

इन्क्वायरीत लाक्रानं एक गोष्ट सांगितली. खाली जाताना सलीमभाई त्याला म्हणाला होता, ते दगड आधी काढ, मागून कुणी फसायला नको. लाक्रानं बरा असलेला पाय उचलला. तेव्हा सलीमभाई वळून म्हणाला, "लात मत मार. हात से उतार. किसी का घर है." लाक्रा झारखंडचा, त्याला कशाचं घर ते कळलं नाही. पण त्यानं बसून हातानं एकेक दगड उतरवला आणि बांजाच्या बुंध्याशी लावून ठेवला.

सुट्टी मिळाल्यावर मी आधी कळंबला उतरलो, घरी नंतर गेलो. सलीमभाईचे वडील, युसूफचाचा, मोंढ्यात काट्याजवळ होते. मला बघून काटा दुसऱ्याच्या हाती दिला आणि घरी घेऊन गेले. मी सगळं सांगितलं. मारतील असं वाटलं होतं, मारलं असतं तर बरं झालं असतं. ते ऐकत बसले. आठ मिनिटांवर आलो तेव्हा त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मग लाक्राची गोष्ट सांगितली.

"लाथ मारू नको म्हनला?"

"व्हय, चाचा."

परत एकदा तेच विचारलं. परत मी व्हय म्हणालो. मग म्हणाले, "घर बांधलं का मग?"

न्हाय म्हणालो.

"बांध. त्यानं उतरून ठिवलंय, मोडलं न्हाय."

जळकोटला घर झालं. दोन खोल्या, स्लॅबचं. आई तिथं राहते. वास्तुशांतीला चाचा एसटीनं आले, उंबऱ्याजवळ थोडा वेळ बसले, जेवून संध्याकाळच्या गाडीनं गेले. मी त्या घरात सलग महिनाभर कधी राहिलो नाही.

पेन्शन झाल्यावर मी परत इकडं पहाडात आलो. ती वाट आता ट्रेकिंगसाठी खुली आहे. पायथ्याच्या कॅम्पवर मी स्वयंपाक बघतो. डाव्या फाट्यावर लोखंडी कठडा आहे. तरी लोक फोटोसाठी वाटेवर दगडांच्या चळती लावतात. दर आठवड्याला मी वर जातो आणि त्या उतरवतो. मागच्या महिन्यात आपल्याच जिल्ह्यातल्या वाशीकडची कॉलेजची मुलं आली होती. एकानं विचारलं, काका, पायानं पाडा की, वाकता कशाला. त्याच्यासाठी हे लिहिलं.

फाट्यावरच्या बांजाला पाटी नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो. लान्स नायक सलीम शेख. गाव कळंब. त्या दिवशी त्याची जागा सगळ्यात मागं होती.