कुन्नूरचं जोडघर

आमच्या अटी दोनच होत्या: पंखा लागू नये आणि हीटरही लागू नये. माझ्या मैत्रिणीला सिंगापूरचा उकाडा कधीच सोसला नाही. बाराही महिने तिच्या मानेवर घामोळं. माझं उलट. विद्यापीठातल्या लॅबमध्ये एसी इतका गार, की स्वेटर घालून काम करायचं. वर्षं गेली तशी माझी बोटं आखडायला लागली.

दोघीही पुण्याच्या, दोघीही एकट्या. सिंगापुरात ती तोआ पायोह भागात राहायची, मी क्लेमेंटीला. निवृत्तीनंतर शेजारीशेजारी राहायचं, हे कधी ठरलं ते आठवत नाही, पण ठरलं होतं. सुट्टी आली की आम्ही गावं बघायला निघायचो. व्हिएतनाममधल्या दालातचं जेवण तिला आवडलं नाही. चीनमधल्या कुनमिंगला मला भाषा जमेना. निलगिरीतल्या कुन्नूरला मात्र संध्याकाळी नुसती शाल पांघरून व्हरांड्यात बसलो आणि अंधार पडेपर्यंत उठलोच नाही. ते एका म्हाताऱ्या बाईंचं जोडघर होतं, मध्ये एक भिंत, पुढे एकच व्हरांडा. बाईंना ते भाड्याने द्यायचं होतं आणि आम्ही त्यांना आवडलो होतो.

परत आल्यावर तिने मला तिच्या घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, बोलावलं. कॉफीचा कप नुसताच फिरवत म्हणाली, "मी फार विचार केला गं. तिथे धुकं असतं. तुझ्या बोटांना मानवणार नाही. आणि खरं सांगू? मला आता इथल्या उकाड्याची सवय झालीय."

माझ्यासाठी ती स्वतःचं मन मारतेय असं वाटून मला भरून आलं. मी तिचे आभार मानले. बाईंना फोन करून नकारही मीच कळवला.

पुढे ती निवृत्त झाली आणि बहिणीकडे राहते म्हणून पुण्याला गेली. फोन कमी होत गेले. एका दुपारी मी कुन्नूरच्या बाईंना फोन केला, डोंगराच्या खालच्या अंगाला, जरा उबदार जागी आम्हा दोघींसाठी एखादं घर आहे का विचारायला. त्या आनंदाने म्हणाल्या, "तुमची मैत्रीण आणि तिची बहीण इथे अगदी मजेत आहेत. तुमची तब्येत कशी आहे? प्रवास झेपत नाही म्हणे तुम्हाला."

मी "बरी आहे" म्हटलं आणि लगेच मैत्रिणीला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"पुण्यात. का गं?"

"मी आत्ताच कुन्नूरच्या बाईंशी बोलले."

"सांगणारच होते. तू रागावशील म्हणून राहून गेलं."

"म्हणून माझ्या बोटांचं निमित्त केलंस?"

"तू सगळं ठरवतेस. कुठलं गाव, कुठलं घर, जेवायचं कधी. सुट्टीत ते चालून जातं. रोज मला नसतं झेपलं."

"मग तोंडावर म्हणायचं होतंस."

"ऐकलं असतंस?"

मी फोन ठेवून दिला.

तिला माझ्याबरोबर राहायचं नव्हतं, एवढं मी गिळलं असतं. पण माझ्या दुखण्याच्या काळजीचं सोंग करून ती गेली आणि त्या सोंगाबद्दल मी तिचे आभार मानले, हे अजून घशाखाली उतरत नाही.

दिवाळीला तिचा मेसेज आला: ये ना चार दिवस, हवा छान आहे. मी उत्तर दिलं नाही. त्याच आठवड्यात क्लेमेंटीच्या फ्लॅटचा करार वाढवून घेतला.