यादीतले पहिले घर

आमचे मास्तर उत्तरांना गुण देत नसत, प्रश्नांना देत. इतिहासाचा तास संपायला पाच मिनिटे उरली की पुस्तक मिटून म्हणत, "हं, विचारा." चांगल्या प्रश्नाला पाचपैकी गुण, गप्प बसणाऱ्याला भोपळा. पहिल्या महिन्यात मला चार भोपळे मिळाले. अळणावरच्या पलीकडच्या खेड्यातून हुबळीला आलेला मी लाकडाच्या वखारीतल्या हमालाचा मुलगा. मोठ्या माणसांना काही विचारायचे असते हेच मला ठाऊक नव्हते. पाचव्या खेपेस भीत भीत विचारले, "मास्तर, आमच्या गावात शाळा का नाही?"

मास्तर म्हणाले, "पाचपैकी पाच. पण याचं उत्तर माझ्याकडे नाही रे. ज्याच्याकडे आहे त्याला विचारायला हवं."

ते विचारायचे काम मुंबईच्या कायदेमंडळातल्या आमच्या सभासदांचे, म्हणजे हुबळीतल्याच केशवापूरच्या रावसाहेबांचे. रावसाहेब सज्जन होते, आमच्या शाळेच्या मंडळाचे अध्यक्षही होते. पण कायदेमंडळाच्या बातम्या मास्तर पेन्सिल घेऊन वाचत, प्रश्न विचारणाऱ्याच्या नावापुढे खूण करत, आणि इतक्या वर्षांत रावसाहेबांच्या नावापुढे एकही खूण पडली नव्हती. मास्तर म्हणत, "असा मुलगा माझ्या वर्गात असता तर वरच्या वर्गात घातला नसता."

निवडणूक आली तेव्हा मी धारवाडला बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला होतो. कोप्पीकर रोडवरचा एक तरुण वकील रावसाहेबांच्या विरुद्ध उभा राहिला. मास्तरांनी त्याला एवढेच विचारले, "खेड्यातल्या शाळांचं विचारशील?" तो हो म्हणाला, आणि मास्तर त्याच्या बाजूने कामाला लागले.

अडचण एकच होती. मास्तरांना त्याच वर्षी पंचावन्न पुरी होत होती आणि मुदतवाढीचा त्यांचा अर्ज रावसाहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. मास्तरांना बायकोमुले नव्हती. वर्ग हाच संसार. बाकीचे शिक्षक समजावत, "निदान सही होईपर्यंत तरी गप्प बसा." मास्तर हसत. "गप्प बसणाऱ्याला मी काय देतो, ठाऊक आहे ना?"

मॅट्रिक झालेल्यांना मत होते, म्हणून मास्तरांनी खटपट करून माझे नाव मतदारांच्या यादीत घालून घेतले होते. माझ्या वडिलांना मत नव्हते. मी रविवारी धारवाडहून येई आणि आम्ही दोघे यादी घेऊन निघत असू. मास्तरांचा नेम असा की यादीच्या क्रमाने जायचे, एकही घर गाळायचे नाही. केशवापूरच्या यादीत पहिलेच नाव रावसाहेबांचे निघाले.

मी म्हणालो, "मास्तर, हे एवढं घर सोडू या."

"हजेरी घेताना मी कुणाला गाळतो का?" असे म्हणत त्यांनी फाटकही उघडले.

रावसाहेब ओसरीवर होते. "बर्री मास्तर, कूडरी," म्हणत त्यांनी बसायला खुर्ची पुढे केली. "अर्जाचं विचारायला आलात?"

"नाही. त्या वकिलासाठी तुमचं मत मागायला आलोय. अळणावरकडच्या खेड्यांत शाळा का नाहीत, ते तो विचारणार आहे."

रावसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "माझ्या विरुद्ध, माझंच मत?"

"यादीत नाव आहे, म्हणून आलो. वहिनींचंही आहे. त्यांना वेगळं विचारीन म्हणतो."

दाराआडून वहिनी म्हणाल्या, "चहा घेऊन जा, मास्तर. मत मी पेटीलाच सांगेन."

चहा झाला. रावसाहेब फाटकापर्यंत पोचवायला आले, पण अर्जाचा विषय पुन्हा कुणीच काढला नाही.

वकील पडला. दुसऱ्या दिवशी मास्तर तीच यादी घेऊन घरोघर आभार मानायला निघाले, पहिल्या घरापासून. "मागायला गेलो होतो, तर आभार सांगायलाही जायला हवं." रावसाहेबांनी पेढा दिला, सही दिली नाही. वर्ष संपताच मास्तर अळणावरला बहिणीकडे, अक्कांकडे, राहायला गेले. मला फार लागले. त्यांना तितके लागलेले दिसले नाही. महिन्याभरात अक्कांच्या ओसरीवर वखारीतल्या हमालांची पोरे शिकायला बसू लागली होती.

एकदा भेटायला गेलो तर त्यांनी वर्तमानपत्र पुढे केले. कायदेमंडळात रावसाहेबांनी पहिल्यांदाच प्रश्न विचारला होता: अळणावरच्या बाजूच्या खेड्यांत शाळा का नाहीत. पेन्सिलीची खूण होती आणि शेजारी आकडा, तीन.

"तीनच, मास्तर?"

"उत्तर आलेलं नाही. पुन्हा विचारायला हवं." स्टेशनवर मला निरोप देताना म्हणाले, "पुढच्या निवडणुकीला यादी तू घे. पहिल्या घरी मत कुणासाठी मागायचं, ते उत्तर आल्यावर ठरव."

रावसाहेबांनी पुन्हा विचारले, आणखी एकदा विचारले, आणि आमच्या गावात शाळा निघाली. पुढची निवडणूक आली तोवर मास्तर गेले होते आणि मी हुबळीत शिक्षक झालो होतो. यादी घेऊन केशवापुरात पहिल्या घराचे फाटक उघडले. ओसरीवर दोघेही होते.

वहिनींनी विचारले, "या खेपेस कुणासाठी?"

"रावसाहेबांसाठी," मी म्हणालो. "मास्तरांनी सांगून ठेवलं होतं, उत्तर आल्यावर ठरव म्हणून."

रावसाहेबांनी चष्मा काढला, आणि बराच वेळ पुसत राहिले.