पाव्हण्यांचं घोंगडं

आमचे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, कुत्र्याला अहो-जाहो करायचे. माणसांना नाही हां! माणसांना ते सरसकट अरे-तुरे करत, वडिलांच्या कारखान्यातल्या सुपरवायझरलासुद्धा. पण दारातल्या त्या दांडग्या कुत्र्याला मात्र "उठा पाव्हणं, पानी घ्या" असं म्हणत. आई तोंडाला पदर लावून हसायची. मला तर मैत्रिणींना घरी आणायची लाज वाटायची.

हे पाव्हणं आले हिमाचलातून. नव्वदच्या दशकातली गोष्ट. वडील लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत फिटर होते. त्यांचे मोठे साहेब तिकडचे, डोंगरातले. त्यांनी गावाकडून पिल्लू आणून बंगल्यावर वाढवलं, आणि मग त्यांची बदली झाली मुंबईला. फ्लॅटमध्ये एवढं धूड मावणार नाही म्हणून ते आलं आमच्या दोन खोल्यांत. काय पण अक्कल! काळा रंग, मानेभोवती आयाळ, आणि पंजा माझ्या तळहाताएवढा. "ही भोटिया जात. आमच्याकडे मेंढ्यांच्या राखणीला असते. लांडग्याला भीत नाही," असं साहेब वडिलांना सांगून गेले.

मेंढ्या हा शब्द ऐकला आणि पडलेले आबा उठून बसले. आमची मेंढरं आदल्याच वर्षी विकली होती. आबांना दम्यानं धरलं होतं. आता रानात जायचं नाही, असा वडिलांनी त्यांच्याकडून शब्द घेतला आणि त्यांना इथे आणून बसवलं. वर पत्रा, समोर तारेचं कुंपण, पलीकडे धुराडं. "आरं, तू कामाला, पोरगी साळंत. मी हितं काय राखू? ग्यासची टाकी?" असं ते वडिलांना विचारत. पाव्हण्यांना साखळी होती. आबांना तेवढीही नव्हती, नुसता दिलेला शब्द होता, पण तो तुटणारा नव्हता.

पाळी सुटल्याचा भोंगा झाला की कामगारांची गर्दी आमच्या दारावरून जायची. पाव्हणं ताडकन उठायचे, साखळी ताणायचे आणि छातीतून असे काही भुंकायचे की भांडी वाजायची. शेजारी तक्रारी करून थकले. आबा म्हणायचे, "त्यान्ला वाटतं कळप सुटला आन् आपुन मागं ऱ्हायलो." आईनं एकदा विचारलं, "त्यांनाच वाटतं, का तुम्हालाबी?" आबा पाव्हण्यांच्या कानातल्या गोचिडी काढत बसले.

चैत्रात पत्रा तापला. पाव्हणं जीभ काढून धापा टाकू लागले. आबांना ते बघवेना. त्यांनी ट्रंकेतून मेंढरं कातरायची कातर काढली. "मेंढराला हलकं करतो आपुन, मंग पाव्हण्यांनी काय घोडं मारलंय?" पाव्हणं गुमान आडवे झाले. आबांचा हात सराईत, एक ओरखडा उमटला नाही. अंगणात काळ्या केसांचा ढीग पडला आणि नागडे पाव्हणं उड्या मारू लागले. आबा खूश, आम्ही सगळेच खूश.

आठ दिवसांत पाठ भाजली. फोड आले, कातडी सुटली. जनावरांचे डॉक्टर इंदापुरातून आले, त्यांनी बघितलं आणि डोक्याला हात लावला. "आजोबा, हे मेंढरू नाही. ह्याचे केस हीच ह्याची सावली. तीच कापलीत तुम्ही."

जन्मभर ज्या हातांनी मेंढरं कातरली, ते हात आबा कितीतरी वेळ उलटेसुलटे करून बघत होते. मग त्यांनी कुंपणाला दोन काठ्या बांधल्या आणि त्यांवर आपलं घोंगडं ताणलं. पाव्हणं घोंगड्याखाली आणि आबा शेजारी उन्हात, खोकत. वडील चिडले, "आबा, दमा वाढंल!" "वाढू दे. सावली मी कातरली, मीच दिली पायजे." पावसाळ्यात जखमा भरल्या, केस आले. पण आबांनी सांगून टाकलं, "दुसरा उन्हाळा पाव्हण्यांनी हितं काढायचा न्हाय."

दिवाळी झाल्यावर आबांचे चुलतभाऊ सोमातात्या मेंढरं घेऊन कोकणाकडे निघाले. वसाहतीमागच्या पडीक रानात त्यांचा मुक्काम पडला. आबांनी पाव्हण्यांना तिथे नेलं आणि साखळी सोडली. मेंढरं बुजली, पण पाव्हणं कडेला जाऊन बसले, तोंड बाहेरच्या बाजूला करून. कुणी शिकवलं होतं त्यांना? आबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

सकाळी कळप हलला. पाव्हणं दहा पावलं गेले आणि परत आबांच्या पायाशी येऊन बसले. असं तीनदा झालं. सोमातात्या म्हणाले, "दादा, तुज्याबिगर त्यो यायचा न्हाय. तूच चल की!"

आबांचा एक पाय पुढे पडलासुद्धा. खोटं नाही सांगत, मी पाहिला.

"आबा, शब्द दिलाय तुमी," वडील म्हणाले.

आबांनी पाय मागे घेतला. खांद्यावरचं घोंगडं काढून सोमातात्यांच्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "चल सोमा. आता मागं बघू नगंस." पाव्हण्यांनी घोंगडं हुंगलं. आबांकडे पाहिलं, पुन्हा घोंगड्याकडे पाहिलं, आणि घोंगड्यामागे चालू लागले. आबा रिकामी साखळी घेऊन घरी आले. मी खूप रडले. वडिलांचं चुकलं नव्हतं, हे मला आज कळतं, पण त्या दिवशीचा त्यांच्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही.

थंडीत वडिलांनी बारामतीहून नवं घोंगडं आणलं. आबांनी त्याची घडी मोडली नाही. चादरीत कुडकुडत राहिले, पण हात लावला नाही.

ज्येष्ठात मेंढरं परतली. भिगवणला मुक्काम टाकून सोमातात्या एकटेच भेटायला आले. आबा तापानं अंथरुणावर होते. पाव्हण्यांनी घाटात लांडगा कसा पिटाळला, रोज घोंगड्यावरच कसे झोपतात, तात्या रंगवून सांगत होते. आबा डोळे मिटून पडले होते. मग त्यांनी तात्यांचं मनगट धरलं.

"सोमा, पाव्हण्यान्ला कुनी कातरलं न्हाय ना रं?"

"न्हाय दादा. मी कुनाला हात लावू देतोय व्हय?"

"मंग झालं," आबा म्हणाले, आणि त्यांनी आईकडे ते नवं घोंगडं मागितलं.