रोमचा पहिला सम्राट

“रोमचा पहिला सम्राट ज्युलियस सीझर!” इमारत हलत असताना शेजारचे काका जिन्यात बसून ठासून सांगत होते.

“नाही काका, ऑगस्टस!” मुलं ओरडली.

“हॅ! तुमच्या मिसना काय कळतंय?”

मोठ्या भूकंपानंतर आमच्या हिगाशी-कसाई वस्तीत धक्के थांबत नव्हते. प्रत्येक धक्क्याला काका रोमबद्दल काहीतरी चुकीचं सांगायचे आणि त्यांच्याशी भांडताना मुलं घाबरायचं विसरायची. मीसुद्धा. भूकंपात पडलेली त्यांची पुस्तकं मीच उचलून लावली होती. बहुतेक सगळी रोमवरची. पण मी कधी काही बोलले नाही.

एका दुपारी मुलं शाळेत होती. धक्का बसला तेव्हा जिन्यात आम्ही दोघंच होतो. काका दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून, डोळे मिटून बसले होते.

मी म्हणाले, “काका, रोमचा पहिला सम्राट नीरोच ना?”