नमस्कारानंतर मी थोडी थांबायचे

लोकल चॅनेलवर बातम्या चोवीस तास चालतात, पण शहरात चोवीस तास काही घडत नाही. मग मधल्या वेळात किस्से साचतात. नांदेडच्या आमच्या चॅनेलवर मी सहा वर्षं बातम्या वाचल्या. तिथली जुनी मंडळी आजही भेटली की चहा संपतो, किस्से संपत नाहीत.

मी मूळची चाकूरची. नांदेडात एकटीच, भाड्याच्या खोलीत. रुजू झाले त्याच आठवड्यात रस्त्याच्या खोदकामात आमची केबल तुटली. शहरात आम्ही कुठंच दिसत नव्हतो. तरी संपादक म्हणाले, बुलेटिन चुकवायचं नाही, लाइन कधीही येईल. दुपारभरात मी तीन बुलेटिनं वाचली. समोर फक्त कॅमेरामन सलीमभाई. शेवटी मी त्यांना विचारलं, कुणासाठी वाचतेय मी हे?

ते म्हणाले, "मी ऐकून राहिलो ना, म्याडम."

•

लोह्याच्या एक मावशी मुलाकडं नांदेडला राहायला आल्या होत्या. मुलगा-सून दिवसभर कामावर. एकदा त्यांनी ऑफिसात फोन केला, तो माझी तक्रार करायला. मी टीव्हीवर नमस्कार म्हणते, त्याही रोज उलट नमस्कार करतात, पण पुढं मी त्यांचं ऐकूनच घेत नाही!

"मी इचारलं, कशी हाईस बाई? तर तू लगेच पाण्याच्या टाकीवर गेलीस."

त्या दिवसापासून नमस्कारानंतर मी थोडी थांबायचे. संपादकांनी दोनदा झापलं. मी कारण सांगितलं नाही.

•

एका दिवाळीत सगळे गावी गेले. पाडव्याच्या सकाळचं लाइव्ह माझ्याकडं, म्हणून मला चाकूरला जाता आलं नाही. लक्ष्मीपूजनाचं बुलेटिन आधीच रेकॉर्ड केलं होतं. संध्याकाळी खोलीवर आले, दारात पणती ठेवली, टीव्ही लावला. पडद्यावरची मी हसून म्हणाली, आपणा सर्वांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा.

मी मोठ्यानं म्हणाले, "तुलाबी."

आईला फोनवर हे हसत हसत सांगितलं. ती काही हसली नाही.

•

हरवलेल्या माणसांची माहिती आम्ही फुकट दाखवायचो. एका दुपारी एक काका आले. साठी ओलांडलेले, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. रेणापूरचे. नोकरीसाठी नांदेडला आले, रिटायर झाले, इथंच राहिले. नाव, उंची, वर्ण, सगळं कागदावर नीट लिहून आणलं होतं. सोबतचा फोटो बघितला, तर त्यांचाच.

मी म्हणाले, काका, हरवलेल्या माणसाचा फोटो द्या.

"त्याचाच हाय," ते म्हणाले. "बघू, कोण इचारतंय."

संपादक बाहेर गेले होते. मी फोटो दाखवला, माहिती वाचली, खाली ऑफिसचा नंबर दिला. काका फोनशेजारच्या खुर्चीत बसून राहिले. चार वाजले, पाच वाजले. सलीमभाईंनी त्यांना दोनदा चहा दिला.

सहाच्या सुमारास फोन वाजला. बाईचा आवाज होता. ते फोटोतले गृहस्थ सापडले का, एवढंच तिनं विचारलं. मी नाव विचारलं, तर सांगेना. मी रिसीव्हर काकांच्या हातात दिला.

त्यांनी तो कानाला लावला. तिनं पुन्हा तेच विचारलं असावं. मग हळूच म्हणाले,

"न्हाई. अजून न्हाई सापडले."